पर्यावरणाच्या तासाला बकेटा

“तुमी तांड्याच्या नं मॅडम? मंग बकेटा तुमच्याकडं.”

मुख्याध्यापक म्हणाले आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. वाईट नाही हसले. चहा पिता पिता हसतात तसं. ते जास्त लागतं.

मी बी.एड.ची छात्राध्यापिका. चाळिशीला टेकलेली, लेकरांची आई. कॉलेजनं सराव पाठांसाठी मला या शाळेत पाठवलं होतं. विषय पर्यावरण. काय ते ध्यान होतं माझं! खळ देऊन पापडासारखी कडक केलेली साडी. बसलं की मोडायची, म्हणून मी बसतच नसे. आरशासमोर उभी राहून ‘बाष्पीभवन, सांद्रीभवन’ घोकायची. सासूला वाटलं, कुठला तरी आजार आहे. तिनं नवस बोलला.

गाव कोणतं विचारलं की मी म्हणायची, “नेर.” नेरहून आत, नाल्यापलीकडं आमचा बंजाऱ्यांचा तांडा. तेवढं गाळायची. तोंडात ‘मले’ यायचं, ते गिळून ‘मला’ म्हणायची. कोणाला कळत नाही असं वाटायचं. अगं म्हशे, पाण्यात बसली म्हणून शिंगं दिसत नाहीत होय?

मग एक दिवस मी डबा विसरले. माझी याडी, म्हणजे माझी आई, तो घेऊन एसटीनं आली. आरशांची ओढणी, कोपरापर्यंत चुडे, फडक्यात भाकर. शाळेच्या फाटकात उभं राहून तिनं मला हाक मारली. साऱ्या शाळेनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बकेटा.

त्या शाळेची रीतच होती. पर्यावरणाच्या तासाला शेतवाल्यांची पोरं वर्गात बसायची. तांड्याची पोरं झाडांना पाणी घालायला जायची. शाळेनं मैदानाच्या कडेनं झाडं लावली होती. प्रत्येक झाडाला एक पाटी, पाटीवर एका विद्यार्थ्याचं नाव. ज्याचं नाव, त्याला प्रात्यक्षिकाचे गुण. सगळी नावं वर्गात बसणाऱ्यांची. पाणी घालणाऱ्यांच्या नावाचं एकही झाड नव्हतं. यात काही चुकतंय असं कोणाला वाटत नव्हतं. “तेयले सवय हाये,” म्हणायचे.

मी बकेटा उचलल्या. हो, त्या कडक साडीत.

हापशीवर ललिता होती. नववीतली. अशी काटकुळी की दांडा खाली दाबताना तिचे पाय जमिनीवरून उचलले जायचे. पाणी भरता भरता म्हणाली, “मॅडम, तुमच्या त्या तक्त्यावर ढग हायेत नं? आमाले कवा शिकवसान?”

“पुढच्या तासाला.”

पुढच्या तासाला पुन्हा बकेटा. तिनं पुन्हा विचारलं. या वेळी जरा हळू.

“झाडाले पानी आमी देतो. मंग पान्याचं आमाले काहून नाही शिकवत?”

माझ्या पाठाच्या टाचणात सगळ्या संभाव्य प्रश्नांची उत्तरं लिहिलेली होती. याचं नव्हतं. मी पदर सारखा केला. पदर बरा असतो अशा वेळी.

मग वार्षिक पाठ आला. बाहेरून परीक्षक येणार. या एका पाठावर माझी पदवी, तिच्यावर माझी नोकरी. सकाळीच मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं.

“मॅडम, तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो. ते तांड्याचे पोट्टे आज बाहेरच ठेवा. एकतर बोलत नाहीत. बोलले तं अशुद्ध बोलतात. गुण तुमचेच जातीन.”

भल्याचं. माणूस मनापासून बोलत होता. मी ललिताएवढी असताना माझ्याही गुरुजींनी माझ्या भल्याचंच सांगून मला व्हरांड्यात बसवलं होतं.

मी ‘हो सर’ म्हणणार होते. ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात खिडकीतून बाहेर पाहिलं. तांड्याची पोरं बकेटा घेऊन रांगेत उभी होती. त्यांना कोणीच काही सांगितलं नव्हतं. घंटा झाली आणि ती आपणहून उभी राहिली. पुढं ललिता.

ते मला बघवलं नाही.

मी बाहेर गेले. तिच्या हातातली बकेट घेतली, पाणी तिथंच ओतलं. “चला आत.” पोरं माझ्याकडं बघत राहिली. आत बाक नव्हते. या तासाला त्यांच्यासाठी कधी ठेवलेच नव्हते. मी बकेटा फळ्यासमोर ओळीत पालथ्या घातल्या आणि आमच्या गोरबोलीत म्हणाले, “आव, बेस.”

सारा वर्ग हसला.  मॅडमच्या तोंडून ही बोली!

पोरं पालथ्या बकेटांवर बसली. मी स्पिरिटच्या दिव्यावर किटली ठेवली. वाफेवर बर्फाची थाळी धरली. थाळीच्या बुडाला थेंब धरले, जड झाले, पडले. ललिताच्या हातावर एक पडला. तिनं तो पुसला नाही.

परीक्षकांनी तिलाच विचारलं, “सांग, पाऊस कसा पडतो?”

ती उठली. “वाफ वरतं जाते. तिथं तिले थंडी वाजते. मंग तिचं पानी होते अन् ते घरी येते.”

मागच्या भिंतीशी उभे असलेले मुख्याध्यापक म्हणाले, “शुद्ध बोल.”

मी म्हणाले, “सर, उत्तर बरोबर आहे. तुमी बसा.”

‘तुम्ही’ नाही निघालं, ‘तुमी’च निघालं.  साडीची सगळी खळ घामानं गेली होती. पास झाले. काठावर.

आणि मूर्ख बाई, मला वाटलं मी क्रांती केली! एसटीत खिडकीशी बसून घरी येईपर्यंत एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी किटली न्यायला गेले. हापशीवर ललिता. दांडा खाली, पाय वर. शेजारी बकेटांची रांग, सगळ्या सुलट्या.

“मॅडम, आज आमी आत नाही?”

“माझा पाठ संपला, बेटा.”

“अन् आमचा?”

मी किटली घेऊन उभी.  एक तास होता, घंटा झाली, संपला. पदवी मला मिळाली. तिला बकेट मिळाली.

दिवाळीनंतर ती आईबापांसोबत ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसून गेली. शाळेत परत आली नाही. पर्यावरणाच्या तासाला तिला बसायला जागा मिळाली ती एकदाच, पालथ्या बकेटीवर.

पुढं मी मास्तरीण झाले. माझ्या वर्गातून पाण्याला कोणी गेलं नाही. आता निवृत्त आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ नाही.

परवा माझ्या नातीनं मोबाईलवर फोटो दाखवला. आठवीत आहे ती, तालुक्याच्या शाळेत. फोटोत ती रोपाला पाणी घालतेय. छान हसतेय. मी विचारलं, “तास कशाचा होता व?”

“विज्ञानाचा. आमी तांड्याच्याच पोरी गेलतो. बाकीच्यायचा प्रयोग चालू होता.”

“कोणी पाठवलं?”

“कोणी नाही, आजी. आमीच जातो.”

आमीच जातो.

मी जेवले नाही. लेक म्हणतो, “याडी, आता वाद कायले? तुझं वय झालं.” झालंच आहे. म्हणून तर आता माझी परीक्षा घेणारं कोणी राहिलं नाही.

उद्या मी नातीसोबत एसटीनं जाणार. साडी चुरगळलेलीच नेसणार. तिच्या हातातली बकेट घेणार, वर्गात जाणार, फळ्यासमोर पालथी घालणार आणि तिच्यावर बसणार. झाडं वाळली तर वाळू देत. पाटीवर ज्यांची नावं आहेत त्यांनी पाणी घालावं. तांड्याची शेवटची पोरगी बाकावर बसेपर्यंत मी हलणार नाही.

घंटा वाजेल. मी उठणार नाही.