लास पाल्मासहून आलेलं कॉफीयंत्र

चॉन मालसुनच्या बापाने लेकीच्या नावातच आपली तक्रार नोंदवून ठेवली होती. मालसुन म्हणजे ही शेवटची मुलगी, आता पुरे. त्यानंतर तिच्या आईला आणखी दोन मुली झाल्या. मालसुन सांगायची, पाळण्यात असताना बापाने दिलेला पहिला हुकूमसुद्धा मी पाळला नाही, मग पुढच्यांचं काय घेऊन बसलात.

बुसान बंदराला पुलाने जोडलेल्या योंगदो बेटावर, जहाजं दुरुस्त करतात त्या गोदीच्या वरच्या चढावर तिचं घर. तरुणपणापासून ती कांगकांगी बाई. दोरांनी टांगलेल्या फळीवर बसायचं, कमरेला दोर गुंडाळायचा आणि हातोडीने जहाजाच्या पोटावरचा गंज दिवसभर ठोकून काढायचा. लोखंडाच्या त्या आवाजावरूनच या बायकांना हे नाव पडलं. त्या कामाने तिला घर दिलं, मुलाला, तेशिकला, शिकवलं आणि बदल्यात दोन्ही कान नेले; समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची. उजवा खांदा तेवढा राहिला होता, तोही गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी उघडून शिवला.

नवरा खोल समुद्रातल्या मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. दोन-दोन वर्षं त्याचं तोंड दिसायचं नाही. एकदा लास पाल्मासच्या बंदरातून आला तो पितळेचं कॉफीयंत्र काखोटीला मारूनच. त्याच्या पोटात पाणी उकळायचं आणि हापशासारखा दांडा खाली ओढला की ते पाणी कॉफीच्या चुऱ्यातून दाबून कपात उतरायचं. गल्लीत तेव्हा घरोघरी दूध-साखर घातलेल्या पुडीची कॉफी. शेजारची ग्विनाम, तीही कांगकांगी, पहिला घोट घेऊन म्हणाली होती, "तेशिकच्या आई, जहाज धुऊन आणलंस की काय?" दुसऱ्या दिवशी तीच कप घेऊन दारात उभी. नवऱ्याने यंत्र बोटीवर बसवतात तसं नट-बोल्ट लावून ओट्याला जखडलं आणि पुन्हा समुद्रावर गेला. पुढे तो वारला, घराचे पत्रे बदलले, ओटा बदलताना मालसुनने गवंड्याच्या उरावर बसून तेच नट पुन्हा बसवून घेतले.

मुलगा तेशिक शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्योंगजी भागातल्या नव्या टॉवरमध्ये राहतो. पोरगा वाईट नाही. वाईट असता तर मालसुनला सोपं गेलं असतं. काळजीपोटी तो तिच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेत होता. आधी गॅसची शेगडी गेली आणि काचेची आली. मग किमचीच्या बरण्या गेल्या आणि बोलणारा फ्रिज आला. तो काय बोलतो ते तिला ऐकू यायचं नाही, हा भाग वेगळा. पण ती दूधखुळी नव्हती. हातातली कामं संपली की पोरगा म्हणणार, इथे एकटी बसून करतेस काय, चल आमच्याकडे. म्योंगजीला तिची खोली रंगवून तयार होती, पडदेसुद्धा लागले होते. त्या पडद्यांची तिला मनापासून भीती वाटत होती.

मे महिन्यात, आईवडिलांच्या दिवशी, तेशिक आणि सून हेरान लाल कार्नेशनचा गुच्छ आणि एक ऑटोमॅटिक कॉफीयंत्र घेऊन आले. काळंकुळकुळीत, गुळगुळीत, ओट्याची अर्धी जागा खाणारं.

"आई, नुसतं बटण दाबायचं," हेरान मोठ्याने म्हणाली. "दाणे दळायचे, दाबायचे, कॉफी गाळायची, सगळं तेच करतं. धुतंसुद्धा आपलं आपण."

"मग पिऊनही तेच टाकत असेल," मालसुन म्हणाली.

"आई, डॉक्टरांनी दांडा ओढायला मनाई केली आहे ना?" तेशिक म्हणाला.

"डॉक्टरांनी मला चढ चढायलाही मनाई केली आहे. घर चढावर आहे. आता काय घर खाली आणू?"

तेशिकला नेमकं हेच वाक्य हवं होतं. त्याने लगेच पेच टाकला. दरवर्षी बाबांच्या श्राद्धाला दारूच्या पेल्याबरोबर दांड्याच्या कॉफीचा कप ठेवायची या घरची रीत. या वर्षी तो कप नव्या यंत्राचा ठेवायचा. चव जुळली तर जुनं यंत्र खालच्या कॅफेवाल्याला द्यायचं, तो कधीपासून शोभेला मागतोच आहे. आणि आईने म्योंगजीला यायचं.

"आणि नाही जुळली तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"चव ठरवणार कोण? तुझा बाप येऊन सांगणार आहे?"

"श्राद्धाचा प्रसाद आपणच खातो-पितो ना? बाबांचा कप मी पिईन. खोटं बोलणार नाही."

ती कबूल झाली, कारण तिच्याकडे दुसरी वाट नव्हती. खरी गोष्ट तिने ग्विनामलाही सांगितली नव्हती. खांदा शिवल्यापासून तिला दांडा पूर्ण ओढता येत नव्हता. डाव्या हाताने तो अर्ध्यावर येऊन अडायचा आणि कपात आंबट, पांचट काहीतरी पडायचं. ती ते रोज सकाळी तोंड वाकडं न करता पीत होती.

श्राद्धाच्या दिवशी मात्र तिने लबाडी केली. दुपारीच हाताच्या चक्कीवर दाणे दळून भाताच्या झाकणाच्या वाटीत लपवले आणि दिवेलागणीच्या आधी जुनं यंत्र चालू करून त्यावर एप्रन टाकला. कशासाठी, हे तिलाही धड माहीत नव्हतं. आयतं शरण जाण्याचा तिचा स्वभाव नव्हता, एवढंच.

मोठ्या खोलीत पाट मांडला गेला. उकडलेला अख्खा मासा, पिठात बुडवून परतलेल्या माशांच्या वड्या, मुळ्याचं सूप, नासपती, चेस्टनट, आणि मागे नवऱ्याचा फोटो. तेशिक सूट घालून आला होता. बापाचं श्राद्ध चुकू नये म्हणून तो इतका धास्तावलेला की कुठला पदार्थ कुठल्या दिशेला हे फोनवर पुन्हा पुन्हा बघत होता. त्याने ऑटोमॅटिक यंत्राच्या तोटीखाली कप ठेवला आणि ते चालू केलं. यंत्राने थोडी घुरघुर केली आणि कपात गरम धार सोडली. तेशिकने कप उचलला, दोन्ही हातांनी वडिलांपुढे ठेवला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

मालसुनने कपात पाहिलं. आत फिकट पिवळं पाणी होतं.

चालू झाल्यावर हे यंत्र आधी स्वतःच्या नळ्या धुतं. ते धुवण होतं. कॉफीचं बटण अजून दाबलंच नव्हतं. हेराननेही ते पाहिलं, पण श्राद्धाच्या शेवटी सूप उचलून करपलेल्या भाताचं पाणी ठेवायचं असतं, तेच नवऱ्याने आधी ठेवलं असावं असं तिला वाटलं. आणि विधी चालू असताना तो करणाऱ्या मुलाला कोण टोकणार?

मग भातात चमचा खोचला गेला. आता जेवणाऱ्याला निवांत जेवू द्यायचं, सगळ्यांनी बाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं आणि नऊ घासांएवढा वेळ मान खाली घालून थांबायचं. तेशिक आणि हेरान पायरीवर जाऊन उभे राहिले. मालसुन त्यांच्यामागे गेली नाही. ती स्वयंपाकघरात वळली.

एवढा संताप तिला बऱ्याच दिवसांत आला नव्हता. आयुष्यभर समुद्रावर डब्यातलं खाल्लेल्या माणसाच्या पुढ्यात त्याच्याच घरात धुवण! तिने एप्रन फेकला, गाळणीत चुरा भरून दाबला, गाळणीची मूठ यंत्रात फिरवून बसवली आणि डाव्या हाताने दांडा ओढला. तो अर्ध्यावर आला आणि अडला. उजवा हात लावला तशी खांद्यातून कळ आली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने दांडा सोडून दिला आणि नवऱ्याला एक शिवी हासडली. असलं यंत्र आणलंस आणि आपण आधी निघून गेलास.

दारामागे खुंटीला तिच्या फळीचा जुना दोर होता. आता त्यावर मुळ्याचा पाला वाळत असे. तिची नजर तिथे गेली. तिने पाला ओरबाडून काढला, दोराचा एक फास दांड्यात अडकवला, दुसरं टोक कमरेला गुंडाळलं आणि गुडघे वाकवून फळीवर बसतात तशी हळूहळू खाली बसत गेली. अंगाचं सगळं वजन दोरावर आलं. ओट्याचे नट कुरकुरले, पण धरून राहिले. दांडा खाली आला, अर्ध्याच्याही खाली, आणि कपात काळी दाट धार उतरू लागली.

बाहेर तेशिकने रीतीप्रमाणे तीनदा खाकरून दार उघडलं. त्या कानांना खाकरणं कुठलं ऐकू यायला? मुलगा आणि सून आत आले तेव्हा आई कमरेच्या दोराने यंत्राला लटकलेली होती आणि तिच्या तोंडावर समाधान होतं.

मालसुनने दोर सोडला, कप घेऊन खोलीत गेली आणि आधीचा कप उचलून त्याच्या जागी हा ठेवला.

"आई, मधेच काही बदलता येत नाही," तेशिक म्हणाला.

"बापापुढे विसळण ठेवता येतं वाटतं?"

विधी संपला, फोटोपुढचा नवऱ्याचं नाव लिहिलेला कागद रीतीप्रमाणे जाळून झाला आणि सगळे प्रसादाला बसले. मालसुनने पिवळ्या पाण्याचा पहिला कप मुलासमोर सरकवला. ठरल्याप्रमाणे तो प्यायला. त्याचा चेहरा बघून हेरान म्हणाली, "मला वाटलं ते भाताचं पाणी आहे."

"यंत्राची चूक नाही," तेशिक म्हणाला. "घाई माझी झाली. बटण दाबलं असतं तर चांगली कॉफी आली असती."

"आली असती. यंत्राशी माझं भांडण नाहीच रे. पण कपात काय पडलं ते तू पाहिलंच नाहीस. चालू केलं, पुढे ठेवलं, पाया पडून मोकळा झालास. मला त्या खोलीत ठेवशील तेही असंच. पडदे लावलेस, झालं."

तेशिकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दुसरा कप ओढला आणि हळूहळू संपवला.

"खांदा जाईल तुझा," तो शेवटी म्हणाला.

"जाऊ दे. वापरून संपवीन. राखून ठेवून कुणाला देऊ?"

तो उठला, स्वयंपाकघरात जाऊन ओट्याचे नट हाताने चाचपून आला आणि पुटपुटला, "बरं. तू इथेच राहा."

"काय म्हणालास?"

"तू इथेच राहा म्हटलं."

"ऐकू येत नाही बाबा. मोठ्याने बोल." तिने शेजारच्या बाजूची खिडकी सरकवली आणि कानामागे हात धरला.

तेशिकने छातीत हवा भरली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं की आई इथेच राहणार आहे, आपल्या यंत्रासकट. समोरची खिडकी उघडली.

"ऐकलं गं तेशिकच्या आई," ग्विनाम म्हणाली.

मालसुनने खिडकी लावून घेतली. तो पुटपुटला तेव्हाच तिला त्याच्या ओठांवरून कळलं होतं.