सवचं पाणी आणि आईची गोधडी

आधीच सांगते, आम्ही बौद्ध. घरात देव्हाराच नव्हता, मग भुताखेतांना कुठून जागा असणार? त्यात मी सूक्ष्मजीवशास्त्रातली. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून जायची. तरी आज हे लिहितेय...

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. महाडजवळच्या सव गावाला गरम पाण्याचे झरे आहेत, त्यातल्या जिवाणूंवर मी मुंबईत पीएच.डी. करत होते. जिवाणूच्या पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं. ती चरबी बनवणारं एन्झाइम नेमकं कुठे असतं — आवरणातच बसलेलं, की आतल्या रसात मोकळं? आईला सांगितलं होतं, "भिंत बांधणारा गवंडी भिंतीतच राहतो की घरभर हिंडतो, ते शोधतेय." गोधडीला टाके घालता घालता ती हसली. "आनि त्याच्यासाठी सरकार तुला पैशे देतं? कमाल हाय गो!"

माझं म्हणणं, आवरणातच. पण पाणी निवलं की एन्झाइम सुटून रसात उतरतं, असा मला संशय होता. थर्मासमधलं पाणीसुद्धा मुंबईपर्यंत कोमट व्हायचं, आणि दर वेळी उत्तर यायचं — रसात. शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "एक शेवटचा नमुना आणा. नाही जमलं तर विषय बंद." माझी सगळी उमेद त्या एका बाटलीवर आली.

त्या पावसाळ्यात सवला पाणी भरतानाच थर्मास हातातून निसटला, काच फुटली. झालं कल्याण! साध्या बाटलीत पाणी घेतलं, महाडला घरी आले आणि आईची तीच गोधडी ट्रंकेतून काढून तिच्यात बाटली गुंडाळली. आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

स्टँडवर कळलं, कशेडी घाटात दरड आलीय, खेडकडून येणारी मुंबईची गाडी अडकलीय. बोचकं मांडीवर घेऊन दुपारभर बसले. अक्षरशः रडू येत होतं. शेजारी उमरठची एक म्हातारी होती. तिनं सहज बोचक्यावर हात ठेवला आणि दचकलीच.

"अगो बाय, पोर तापलंय की तुझं!"

"पोर नाय आजी, बाटली हाय."

तिला काही पटेना. "बाटली कशी असंल? कुशीतली ऊब हाय ही," म्हणाली.

गाडी रात्री आली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये सरांसमोर गोधडी सोडली. थर्मामीटर घातला... सवला भरताना होतं तेवढंच तापमान! सर म्हणाले, "वाटेत कुठे तापवलंत?" एस.टी.त कुठे तापवणार, कपाळ? पेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून आवरणं आणि रस वेगळे केले. एन्झाइम आवरणातच होतं.

ते पुढे दुसऱ्यांनाही तसंच सापडलं, त्यामुळे त्याबद्दल मला शंका नाही. शंका उबेची आहे. तीच गोधडी, तशीच बाटली, तोच रस्ता — कितीदा करून पाहिलं. दर वेळी पेण यायच्या आत पाणी गार.

गवंड्याचा तो दाखला मी लॅबमध्येही सांगितला होता. त्या दिवशी सर हसत म्हणाले, "म्हणजे तुमचा गवंडी भिंतीतच राहतो तर!" सगळे हसले. मी गोधडीची घडी घालत होते. हात आईच्या टाक्यांवरून फिरला, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मला हुंदका फुटला.