धर्माचा डबा

आगाशीच्या बाजारातून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बायजाची खानावळ आहे. तिथे भात, कोलंबीची आमटी आणि तळलेले बोंबील मिळतात, आणि बायजाची बोलणी फुकट. विरारच्या इमारतींतली नोकरदार मंडळी रविवारी तिथून जेवण बांधून न्यायची, तेही थर्माकोलच्या पांढऱ्या डब्यांतून. मग एक दिवस महापालिकेचं पथक आलं. त्यांनी थर्माकोलचा सगळा साठा उचलून नेला आणि मागे नोटीस ठेवली. बंदी असलेला माल वापरल्याबद्दल परवानाधारकाने स्वतः हजर राहून खुलासा करावा, असं तीत म्हटलं होतं.

परवानाधारक म्हणजे धर्मा, बायजाचा नवरा. आता हा माणूस हजर होणार कसा? बऱ्याच वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीत खाडीच्या बांधाला खांड पडली, ती बुजवायला म्हणून तो गेला तो गेलाच. बरोबर दुपारचा डबा होता. ना माणूस मिळाला, ना डबा. पण तो मेला असं बायजाने कधी तोंडातून काढलं नाही. कपाळावरचं कुंकू तसंच, हातातल्या बांगड्या तशाच. मुलगा कल्पेश आणि सून संजना जीव तोडून सांगत होती, की कोर्टाकडून मृत्यूचा दाखला घेऊ, परवाना कल्पेशच्या नावावर करू, नाहीतर खानावळीला टाळं लागेल. कागद तयार होते, फक्त बायजाची सही राहिली होती. बायजा नोटिशीकडे बघून एवढंच म्हणाली, "सांगते ह्यांना." कल्पेशने कपाळाला हात लावला.

थर्माकोल गेल्यावर अर्ध्या बाजाराचं धाबं दणाणलं. शेजारचा चायनीजवाला पिशवीत सूप बांधून देत होता आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खात होता. बायजाने सरळ फर्मान काढलं: सकाळी घरचा डबा मागच्या ओट्यावर ठेवून जायचा, दुपारी भरलेला न्यायचा. शेजारच्या नंदाखाल गावच्या ज्युली टीचरनी पहिला डबा आणला, मग रांगच लागली. त्याबरोबर जुनी रीतही परत आली. इथे कुणाचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. ज्युली टीचरच्या डब्यातून कधी केळफूल यायचं, कधी वाडीतल्या चार मिरच्या. थर्माकोलचं तसं नव्हतं. खाल्लं, फेकलं, विसरलं. त्या डब्यामुळे कुणी कुणाचं देणं लागत नव्हतं.

एका दुपारी ओट्यावर एक डबा जास्त निघाला. दोन पुडांचा, स्टीलचा, कडेला पोचा आलेला. त्याला खाडीच्या चिखलाचा वास होता. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, धर्मा जानू. बायजाने डबा ओळखला, धर्मा बरोबर घेऊन गेला होता तोच. तिने झाकण काढलं, तर आत मूठभर शिंपल्या होत्या, ओल्या आणि जिवंत.

खरं म्हणजे तिने घाबरायला हवं होतं. पण तिला आनंद झाला, इतका की डोळ्यांना धारा लागल्या. तिने डबा घासूनपुसून धुतला, एका पुडात भात आणि दुसऱ्यात धर्माच्या आवडीचा जवळा भरला आणि तो परत ओट्यावर ठेवला. गॅस बारीक करून ती वळते तोवर डबा गेला होता. ओट्यावरून खाडीकडे पाण्याची ओली रेघ तेवढी गेलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला, आत जाडं मीठ. बायजा आता केसांत अबोलीचा गजरा माळू लागली आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलू लागली. लोकांना तेच जास्त विचित्र वाटलं. मग एकदा आत धर्माच्या निळ्या सदऱ्याचं बटण निघालं. ते तिनेच पांढऱ्या दोऱ्याने शिवलं होतं, दोरा अजून तसाच होता. त्यानंतर तांब्याचं वळं आलं. हे वळं साबण लावूनही धर्माच्या बोटातून कधी निघायचं नाही. ते आता कसं निघालं, हा विचार बायजाने मनात येऊ दिला नाही. काळ्या दोऱ्यात ओवून ते तिने गळ्यात घातलं.

संजनाने ते वळं पाहिलं आणि विचारलं. बायजाने काही लपवलं नाही, उलट कौतुकाने सगळं सांगितलं.  संजनाने वाद घातला नाही, वेडी म्हटलं नाही. हळू आवाजात तिने फक्त विचारलं,

"आई, बाबांकडे द्यायला आता काय उरलंय?"

पुढच्या दुपारी डब्यात दात होता. सुपारी फोडताना टवका उडालेला पुढचा दात, बायजाने तो वर्षानुवर्षं हसताना पाहिलेला. संजनाचा प्रश्न तिला आता कळला. धर्मा रीतभात पाळणारा माणूस. भांडं रिकामं परत करणं त्याच्या जिवावर यायचं. खाडीच्या तळाशी त्याच्याजवळ होतं नव्हतं ते संपलं होतं, तरी बायको रोज प्रेमाने डबा भरत होती आणि तो बिचारा स्वतःलाच खुडून तिची परतफेड करत होता. आपण त्याला जेवू घालतोय असं तिला वाटत होतं. तिला स्वतःची शरम वाटली.

तिने डबा धुऊन घरात पालथा घातला. कल्पेशला हाक मारून कागद मागितले आणि वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली. कल्पेश काही बोलायला गेला, तर संजनाने त्याला डोळ्यांनी दटावलं. मग बायजाने केळीचं पान कापलं, त्यावर भात आणि जवळा वाढला आणि भर उन्हात ती एकटी बांधावर गेली. गेलेल्या माणसाला पानावरच वाढतात. तिने इतकी वर्षं ते पान मांडलं नव्हतं.

ओहोटीची वेळ होती. पाणी लांब गेलं होतं आणि चिखल उघडा पडला होता. बायजाने पान ठेवलं आणि ती म्हणाली,

"जेवून घ्या. ह्या पान हाय, भांडा नाय. आता काय परत द्याचा नाय."

चिखलावरून पाण्याची एक जीभ सरळ बांधापर्यंत आली, पान उचलून घेऊन मागे गेली. बायजा तिथेच बसून मोठमोठ्याने रडली. तिचं रडायचं राहून गेलं होतं.