आत्याबाईंचं एकोणसाठावं वर्ष

म्हातारपण दारापर्यंत येऊन, आतला आवाज ऐकून, चपला हातात घेऊन परत पळालं असं घर अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि ते आमच्या बायकोच्या आत्याचं. जिंतूरच्या भोवतालचे डोंगर झिजले, गावातल्या दोन पिढ्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पण आत्याबाई गेली कित्येक वर्षं एकोणसाठ वर्षांच्या आहेत. माझं लग्न झालं तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. पुढं भराभर एकोणसाठपर्यंत आल्या आणि तिथं जी मांडी ठोकून बसल्या त्या बसल्याच. मी मात्र मधल्या काळात मुकाट्यानं पंचावन्नचा झालो. आणखी थोड्या वर्षांत मी त्यांना गाठणार आणि मग त्यांच्याआधी म्हातारा होणार, याची मला आतापासून धास्ती आहे. त्यांनाही आहे. परवाच माझ्या पोटाकडं आणि टकलाकडं आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "जावईबापू, तुमी आता म्हाताऱ्यांच्या केंद्रात नाव घालूनच टाका. लय थकल्यावाणी दिसायलात."

एसटीत पंचाहत्तरच्या पुढच्या माणसाला प्रवास फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आत्याबाई जिंतूरहून परभणीला निघाल्या की ठणकावून बायकांचं अर्धं तिकीट मागतात. एकदा मी सोबत होतो. कंडक्टर नवा होता, बिचारा भल्या मनाचा होता, आणि तेच त्याचं चुकलं. तो म्हणाला, "आजी, पैसे ठेवा. तुमाला फुकट हाय."

"आजी कुणाला मनायलास रे?" आत्याबाईंचा आवाज इंजिनाच्या वर चढला. "तुजी आजी आसंल घरी, तिला फिरव फुकट. मला बायकांचं अर्धं काढ."

"तसं न्हाई आजी, नियम हाय..."

पुन्हा 'आजी' ऐकल्यावर त्या उठून उभ्याच राहिल्या. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. एक गृहस्थ भांडणाच्या भीतीनं झरीचं तिकीट असून बोरीलाच उतरून गेले. शेवटी कंडक्टरनं अर्धं तिकीट काढलं, तेव्हा आत्याबाई शांत झाल्या आणि मघापासून उभ्या असलेल्या एका दमलेल्या माणसाला त्यांनी आपली जागा दिली. तो दमलेला माणूस म्हणजे मी. पुढं परभणीपर्यंत मी बसून आणि त्या दांडीला धरून, असा आमचा प्रवास झाला. अख्खी गाडी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.

गावात सभागृहाच्या मागच्या खोलीत ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र आहे. कॅरम, पेपर, टीव्ही, सकाळी हास्याचा व्यायाम, महिन्याला डॉक्टरची तपासणी. आत्याबाई तिथं रोज जातात, पण सभासद म्हणून नाही. त्या जातात म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवायला. ते म्हातारे त्यांच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान आहेत, ही गोष्ट तिथं सगळ्यांना माहीत आहे आणि बोलायची हिंमत कुणातच नाही. केंद्राचे अध्यक्ष एक निवृत्त गुरुजी आहेत. नुकतीच सत्तरी ओलांडलेला, अत्यंत शिस्तीचा माणूस. सकाळी दारात गुरुजींचा 'जय भीम' आणि आत्याबाईंचा लिंगायती 'शरणार्थ' एकमेकांना भेटले की केंद्र उघडलं असं समजायचं. त्यानंतर दिवसभर केंद्र गुरुजी चालवतात अशी गुरुजींची समजूत असते.

हास्याच्या व्यायामाला आत्याबाई समोर उभ्या राहतात. लोकांनी हसावं म्हणून त्या आधी दरडावतात, मग स्वतः हसून दाखवतात. ते हसू स्टँडपर्यंत ऐकू जातं आणि सुटलेली गाडी रिव्हर्समध्ये परत येते. एकदा त्यांनी असं काही हसवलं, की एका सभासदांची कवळी सुटून थेट कॅरमबोर्डावर गेली आणि राणीला घेऊन जाळीत पडली. आता कव्हर कुणी घ्यायचं, यावर आठवडाभर वाद चालला. डॉक्टर आले की या त्यांच्या शेजारी उभ्या. "याचं बीपी आधी बगा, बिचाऱ्याचं वय झालं," असं एकेकाबद्दल सांगत राहतात. डॉक्टरांनी एकदा धाडस करून त्यांच्याच दंडाला पट्टा लावला. आत्याबाईंनी डॉक्टरांकडं असं बघितलं की डॉक्टरांनी तो पट्टा काढून स्वतःच्या दंडाला लावला आणि स्वतःलाच गोळी लिहून दिली.

आणि एक जून! त्या पिढीच्या लोकांना शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट एक जून जन्मतारीख ठोकून दिलेली, त्यामुळं केंद्रात सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. एकच केक, आणि त्याच्याभोवती उरलेल्या दातांनिशी फुंकर मारणारी ही गर्दी. मेणबत्ती सोडून बाकी सगळं विझतं. आत्याबाईंचाही त्याच दिवशी असतो, पण त्या दिवशी त्या हमखास केक वाटायला उभ्या असतात. "घ्या, घ्या," म्हणतात, "तुमचे किती ऱ्हायलेत कुणाला ठावं."

तर अशा या आत्याबाईंना घेऊन आम्ही यंदा परभणीला गेलो. जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांचा मिळून खेळांचा दिवस होता. संगीत खुर्ची, चमचा-लिंबू आणि शेवटी भरभर चालण्याची शर्यत. शर्यतीचे गट दोन, एक साठच्या पुढचा आणि एक पंचाहत्तरच्या पुढचा. गुरुजींनी गाडीत हळूच विषय काढून बघितला.

"आत्याबाई, चालण्यात तुमचा हात कोण धरणार? तुम्ही पण नाव द्या की."

"मी पोरीबाळींनी भाग घेतल्यावाणी म्हाताऱ्यांत घुसू व्हय? बरं दिसतं का गुरुजी ते?" आत्याबाई म्हणाल्या. विषय झरीच्या पुढं गेला नाही.

मैदानावर मंडप, माइक, आणि माइकवर गळ्यात शिट्टी अडकवलेल्या शाळेच्या खेळाच्या बाई. नावं त्याच घेत होत्या आणि पुकारतही त्याच होत्या. दुपारपर्यंत आत्याबाईंनी आमच्या लोकांना पाणी पाज, टोप्या घाल, संगीत खुर्चीत पंचांशी भांडण कर, असं सगळं यथास्थित केलं. मग माइकवरून आवाज आला, "पंचाहत्तरच्या पुढच्या गटात पिंगळीच्या गोदावरीबाई! वय वर्षं अठ्ठ्याहत्तर! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. एक उंच, सडपातळ बाई हात उंचावून उभी राहिली. आणि आत्याबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या माझ्या पायावर पडला.

"हीच ती गोदी," त्या दातओठ खात म्हणाल्या. "वय सांगून टाळ्या घ्यायलीय, निर्लज्ज!"

मग पाय चोळत मी जे ऐकलं ते असं. ताडकळसच्या शाळेत दोघी एका वर्गात होत्या. शाळेपासून बाजाराच्या मैदानापर्यंत पळायची शर्यत लागली, बक्षीस पितळी पेला. गोदी शिट्टीच्या आधी पळाली आणि पेला घेऊन गेली, असं आत्याबाईंचं म्हणणं. तेव्हापासून बोलणं बंद. एकीचं लग्न जिंतूरला, दुसरीचं पिंगळीला, मधे साठ-पासष्ट वर्षं गेली, पण तो पेला आत्याबाईंच्या घशात अडकलेला तसाच. त्यांच्या डोळ्यांत मी इतकी वर्षं बघत आलो तो रुबाब त्या क्षणी नव्हता. परकराच्या ओच्यात दोन्ही मुठी आवळून उभी असलेली एक हरलेली पोरगी होती.

त्या तरातरा खेळाच्या बाईंच्या टेबलाशी गेल्या. मी मागोमाग.

"मला चालायचंय. नाव घे."

"वय?"

"एकोणसाठ."

"मग नाही घेता येणार हो ताई. साठच्या पुढचे लागतात." 'ताई' म्हणाल्या. बाई हुशार होत्या.

"बरं, साठ लाव."

"मग पहिल्या गटात."

"न्हाई. त्या गोदीच्या गटात."

"त्या गटाला पंचाहत्तर पूर्ण लागतात."

आठवडी बाजारात भाव करावा तसं सुरू झालं, फक्त इथं गिऱ्हाईकच भाव चढवत होतं आणि प्रत्येक चढीला त्याचा जीव जात होता. "पासष्ट." "नाही." "आडुसष्ट धर." "नाही बसत." "सत्तर! आता ह्याच्या वर एक दिवस मिळायचा न्हाई तुला!" बाई हसून मान हलवत होत्या. तिकडं गोदावरीबाई पदर खोचून पिंढऱ्या मोकळ्या करत होत्या. आत्याबाईंनी एकदा तिकडं बघितलं, एकदा आमच्या मंडपाकडं बघितलं. तिथं त्यांनी सांभाळलेले सगळे 'म्हातारे' माना उंच करून बघत होते. एकीकडं इतकी वर्षं जपलेलं वय आणि दुसरीकडं त्याहून जास्त वर्षं जपलेली अढी. दोन्हींतलं एकच हातात राहणार होतं.

"अठ्ठ्याहत्तर!" आत्याबाई ओरडल्या.

माइक चालू होता. तो आकडा मैदानभर घुमला, मंडपाच्या पत्र्यांवर आपटून परत आला, आणि पलीकडच्या रस्त्यावरचे दोन मोटरसायकलवाले थांबून आकाशाकडं बघू लागले. मग आमच्या मंडपात गुरुजी उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. पाठोपाठ असा कडकडाट झाला की विचारू नका. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी काठ्या आपटल्या. कवळीवाले गृहस्थ तोंडावर हात धरून, जपून, ओरडत होते.

शिट्टी झाली. आत्याबाई चपला फेकून ज्या निघाल्या, ते चालणं होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. धुरळा उडाला. पहिल्या वळणाआधीच दोघी सगळ्यांच्या पुढं, खांद्याला खांदा लावून. मी पाण्याची बाटली घेऊन आतल्या बाजूनं धापा टाकत पळत होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"गिरजे, आजून मुठी आवळूनच पळतीस व्हय गं?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"आन् तू? शिट्टीच्या आधी पळायची खोड गेली का तुजी?"

"मी कवा पळले? तूच तर पेला नेलास!"

"मी? माय माय माय! मी नेला आसता तर तुज्याशी अबोला कामून धरला आसता?"

"मी नेला आसता तर मी तरी कामून धरला आसता?"

दोघी थांबल्या. अगदी मैदानाच्या मधोमध, शर्यत चालू असताना. मागून आलेल्या बाया बाजूनं पुढं निघून गेल्या. पलीकडं कुणीतरी तिसरीच बाई पहिली आली, टाळ्या वाजल्या, या दोघींनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

"मग नेला कुणी?"

आत्याबाईंनी बोटांवर वर्गातल्या पोरी मोजल्या. मग हळूच म्हणाल्या, "कमळीनं."

"कमळी! नाकाला सदा शेंबूड, ती?"

"तीच. आपुन दोघी वेणी धरून भांडत बसलो आन् ती गेली पुढं."

गोदावरीबाई मटकन गवतावर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. आत्याबाईही बसल्या. ते स्टँडवरची गाडी परत आणणारं हसू मी त्या दिवशी जोडीनं ऐकलं. हसता हसता आत्याबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "कुटं आसती गं ती आता?"

"कमळी? ती गेली की. लय दिस झाले."

"आन् शांती?"

"ती बी."

"पारू?"

गोदावरीबाईंनी नुसता हात हलवला. आत्याबाईंनी पुढचं नाव घेतलं नाही. गवताची एक काडी तोडली आणि बोटाला गुंडाळत बसल्या. बाटली पुढं करायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

"मग ऱ्हायलं कोण आपल्यातलं?" त्या म्हणाल्या.

"तू हायेस की गिरजे."

ऊन उतरल्यावर आमची गाडी निघाली, पण आत्याबाई आल्या नाहीत. गोदावरीबाईंना पिंगळीची रेल्वे धरायची होती, त्यांना स्टेशनवर सोडून मागनं येते म्हणाल्या. मी म्हटलं, "रिक्षा करून देतो." दोघी एकदम "नको" म्हणाल्या. गेटाबाहेरच्या रस्त्यावर त्या हातात हात घालून निघाल्या तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. एक जरा पुढं गेली की थांबायची, दुसरी शेजारी आली की मगच पाऊल टाकायची. रेल्वे चुकेल अशी वेळ होत आली होती, आणि दोघींपैकी कुणालाच पुढं जायचं नव्हतं.