तापीच्या दरडीतला आडोसा

जळगावात आमचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराई ऐन भरात यायची, नेमकं तेव्हाच माझ्या थोरल्या भावाला, आमच्या भाऊला, नदीसुरयांचं वेड लागायचं. काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे हे पक्षी चोपड्याकडे तापीच्या वाळूत उघड्यावरच अंडी घालतात. समोरच्या उंच मातीच्या दरडीत, मधल्या टप्प्यावर, भाऊने लपून त्यांचे फोटो काढायला केळीच्या वाळक्या पानांचा आडोसा बांधला होता.

आमची एक युक्ती होती. दोघांनी आत शिरायचं आणि मग मी एकट्याने मुद्दाम खोकत निघून जायचं. पक्ष्यांना मोजता येत नाही. माणूस गेला असं समजून ते अंड्यांवर परत बसतात. या युक्तीचा मला भारी तोरा होता.

त्या दिवशी आभाळ सकाळपासून कुंद होतं. आदल्या दिवशी अवकाळी झोडपून गेला होता, माती पायाखाली सरकत होती. मी म्हटलं, आज नको. भाऊ म्हणाला, असा उजेड पुन्हा मिळायचा नाही. त्याच्यापुढे बोलून उपयोग नसायचा. त्याला बसवून मी खाली वळणापलीकडे बाभळीजवळ थांबलो. तिथून फक्त वाळू आणि पक्षी दिसत. पक्षी बसले. सातपुडा काळवंडला आणि वारा एकदम पडला. मला भीती वाटली.

मग सगळे पक्षी किंचाळत उठले आणि मागोमाग धप्पकन आवाज झाला. मी धावलो. आडोसा होता तिथे नुसता मातीचा ढीग होता.

माझ्या ओरडण्याने वरच्या डांगरांच्या मळ्यातले म्हातारे आबा फावडं घेऊन आले. आत माणूस आहे हे ऐकून ते क्षणभर जागीच थिजले, मग वेड्यासारखे उकरू लागले. आधी केस दिसले, मग तोंड. भाऊ श्वास घेत होता. उजवा पाय मात्र चेचला होता, तो पुढे कधीच नीट टेकला नाही.

आबा मातीतच बसले.

"दरडले भेग पडेल शे, हाई तुमले सांगाले मी मघाशीच वर येल व्हतू. पन सगळा पाखरे बसेल दिखनात. वाटनं, आठे कोनी नही. माघारे फिरनू."

भाऊने तोंडातली माती थुंकली.

"तुमची पावलं ऐकली होती मी, आबा. अगदी डोक्यावर. पाखरं उठतील म्हणून श्वास रोखून बसलो."