भिंतीकडचे वाफे

आई गेल्यावर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी सिल्लोडजवळच्या गावाहून चिकलठाण्याला आमच्या घरी आणलं. आणलं म्हणजे ओढूनच आणलं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी त्यांची पिढी. मी एकुलती एक, म्हणून त्यांचा नाइलाज झाला. खुर्चीवर बसायचे तेही कडेला, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं असे. दर सोमवारी सांगायचे, "गुरुवारी जातो मी गावाला."

एकदा मात्र मागच्या दारात उभे राहून ते आपणहून बोलले, "हितं मेथी बरी यील. चार वाफे करू." त्या आठवड्यात गुरुवारचं नाव निघालं नाही. मी मनात पक्कं केलं, की वाफे झाले की आबा राहिले.

घरामागे, त्यांच्या खोलीच्या भिंतीला लागून सातआठ फुटांचा मोकळा पट्टा होता. वसाहत व्हायच्या आधी इथं कपाशी व्हायची, सगळी काळी माती. मे महिन्यात ती अशी तडकली होती की भेगेत माझा हात मनगटापर्यंत जाई. भेग किती खोल आहे ते बघावं म्हणून मी पडद्याची सळई तिच्यात सोडली. ती हातातून सुटली आणि गेली ती गेलीच. मला हसू आलं. आबा हसले नाहीत.

"पाऊस पडू दे, वाफसा यू दे," ते म्हणाले. वाफसा म्हणजे माती ना दगड ना चिखल, मुठीत धरली की मोकळी होते ती वेळ. "तवर तिला हात लावू नको, माय. म्या खणतो."

पुढच्याच आठवड्यात ते भावकीतल्या कुणाच्या दहाव्याला चार दिवस गावी गेले. मला धीर धरणं कधी जमलेलं नाही. भाजी शिजायच्या आत झाकण काढणारी बाई मी. आबा परत यायच्या आत वाफे तयार ठेवायचे, म्हणजे गावात राहिलेलं त्यांचं मन इथं येईल, असा माझा हिशेब. टिकाव घेतला आणि मारला. ठण्ण करून तो उलटा आला, दोन्ही कोपरांत कळ गेली. तासाभरात विटेएवढी चार ढेकळं निघाली आणि तळहातांना फोड आले.

मला रागच आला. म्हटलं, भिजवल्याशिवाय ही ऐकायची नाही. बोअरचा पाइप आणून मी भिंतीकडच्या सगळ्यात मोठ्या भेगेत खुपसला आणि मोटर चालू केली. अर्धा तास झाला, पाणी वर येईना. तास झाला, तरी जमीन वरून कोरडीच. कान लावला तर खाली कुठंतरी, घराच्या बाजूला, गडगड असा आवाज येत होता. तेव्हाच मोटर बंद करायला हवी होती. मनात चर्र झालं होतं, हे मी खोटं कशाला सांगू? पण आणखी थोडं, आणखी थोडं करत मी दुपार घालवली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

माती मऊ झाली. टिकावाला लगदा चिकटत होता, चप्पल दर पावलाला निघत होती, पण मी तीन वाफे काढले आणि मेथी टाकली.

आबा आले. वाफ्यांकडं त्यांनी नीट बघितलंसुद्धा नाही. भिंतीच्या पायाशी उकिडवे बसले आणि बोटानं माती दाबली.

"पाणी कुठून दिलंस?"

"वरूनच. झारीनं."

त्यांनी बोटाची माती झटकली आणि उठले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघाली. रंगाची असेल, असं मी म्हटलं. मग तिच्या टोकाशी मला पेन्सिलीची एक बारीक खूण दिसली. दोन दिवसांनी तिच्यापुढं बोटभर अंतरावर दुसरी, मग तिसरी. आबा रोज सकाळी रेघ कुठवर आली ते बघून खूण करत होते आणि मला एक शब्द बोलत नव्हते. त्या खुणांची मला भिंतीपेक्षा जास्त भीती वाटायला लागली. खोलीचं दार फरशीला घासू लागलं. कर्र, कर्र. स्वयंपाकघरात तो आवाज आला की माझे हात थांबत. मेथी तोवर वीतभर वाढली होती, हिरवीगार. आम्ही कुणी ती खुडली नाही.

एका सकाळी दार उघडलंच नाही. आबा आतून ओढत होते, नवरा बाहेरून खांद्यानं रेटत होता. दार सुटलं तेव्हा आबा घामानं भिजले होते आणि उलट आमचीच माफी मागत होते.

नवऱ्यानं मुकुंदवाडीहून घर बांधणाऱ्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांनी रेघेत नख घातलं, मागं जाऊन पहार खुपसली आणि ओली माती नाकाशी धरली. मग आम्हा तिघांकडं बघून म्हणाले, "साहेब, ह्या कोपऱ्याला कुणीतरी लई पाणी पाजलंय. खालची माती फुगली, तिनं भिंत उचलली. आता वाळली की भिंत बसंल, अन् चीर अजून फाकंल. किसने छोड्या इतना पानी?"

माझ्या घशात शब्द आला होता. खरंच आला होता.

"म्या सोडलं," आबा म्हणाले. "म्हाताऱ्याची अक्कल. चुकलं, जावईबापू."

नवरा खाली बघत राहिला. मीही खाली बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पिशवी भरली. गुरुवार नव्हता. नवरा त्यांच्या पाया पडला, मी सिल्लोडच्या गाडीत बसवून आले. खिडकीतून म्हणाले, "चीर बघत जा. रोज बघायची." 

आठवडाभरानं जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, की पाणी मी सोडलं होतं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "जन्म काळ्या रानात गेलेला माणूस उन्हाळ्यात भेगेत पाणी सोडेल का?"

मी ओरडलेच, "मग त्यांना जाऊ कसं दिलंस? अडवलं का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला. "मला वाटतं, तेही त्याचसाठी तीन दिवस थांबले होते."