कालच्याइतका उजेड

आमचे उस्ताद दिवा पेटवला की अर्धा तास त्याच्याकडे पाठ करून बसत. तोवर दिव्याबद्दल कोणी बरंवाईट बोललेलं त्यांना खपत नसे. म्हणायचे, "नुकत्या उठलेल्या माणसाला अन् दिव्याला काय बी इचारू नये."

लातुरात आमच्या डाळमिलच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. घराणं काचकामाचं. मिलमध्ये डाळीच्या प्रतवारीच्या टेबलावरचे दिवे तेच घडवत. त्या दिव्याच्या आत तार नाही की कांडी नाही. बंद काचेत वायू आणि बाहेर तांब्याच्या तारेचं वेटोळं; वीज बाहेर फिरते, उजेड आत पडतो. आत झिजायला काही नसलं तरी काच कमीजास्त तापली की उजेड हलतो. म्हणून ते दिव्यावरच्या झाकणाची हवेची भोकं कानशीने केसभर वाढवत, कधी बुजवत. मालक जास्त उजेड मागत. उस्तादांचं उत्तर ठरलेलं असे, "कमी असला तरी चालतंय. पर कालच्याइतकाच पायजे."

प्रतवारी माझ्याकडे होती. उजेड मोजायचं माझं यंत्र ते मानत नसत. दोन बशांत एक नंबर आणि दोन नंबर तूरडाळ ठेवायची; डोळ्यांना फरक दिसला की दिवा पास.

एका हिवाळ्यात त्यांनी लागोपाठ तीन दिवे नापास केले आणि स्वतःच फोडले. दोन्ही बशा सारख्याच पिवळ्या दिसतात म्हणे. मालकांनी सांगून टाकलं, चौथा जमला नाही तर बाजारातले दिवे बसवू. माझ्या वहीत मात्र तिन्ही दिव्यांचे आकडे जागचे हलले नव्हते. हे त्यांना सांगायला मी आठ दिवस घेतले.

चौथ्या दिव्याखाली वही उघडून ठेवली आणि म्हणालो, "उस्ताद, दिवा हलत नाही."

त्यांनी वहीकडे पाहिलंच नाही. बशांसमोर उजवा डोळा मिटला, मग डावा. पुन्हा तसंच.

"दिवा एकच हाय, पर दोन डोळ्यांला पिवळं दोन तऱ्हेचं दिसतंय," ते म्हणाले. मग बशा बाजूला सारून, "तीन बेकसूर फोडले म्या."

मोतीबिंदूची ऑपरेशनं उदगीरला झाली. परतल्यावर बशांकडे बघण्याआधी त्यांनी मला आकडा विचारला. चौथा दिवा पास झाला.

उस्ताद गेले, त्याला दोन वर्षं झाली. तो दिवा अजून टेबलावर आहे. दर सोमवारी मी तो पेटवतो, अर्धा तास पाठ करून बसतो, मग नोंद करतो. गेल्या महिन्यात दोन्ही बशा मला सारख्याच दिसल्या. यंत्रावर पाहिलं, आकडा होता तोच.

मी उजवा डोळा मिटला.